तोंडाला की टाचेला

माणसाने आधी ठरवावं आणि मग करावं, हे मी आठ वर्षं परळच्या एका साबणाच्या कारखान्यात दुसऱ्यांना ऐकवत होतो. आमच्या दारावर ‘नवीन माल विभाग’ अशी पाटी होती. कुठलीही नवी वस्तू बाजारात जायची तर ती आधी आमच्या कागदावर यायची. वस्तू कोणती, ती कोण वापरणार, आज त्या जागी लोक काय वापरतात, बनवणार कोण आणि किती आठवड्यांत, हे सगळं लिहून झाल्याशिवाय साहेब भट्टी पेटवू द्यायचा नाही. मी त्या विभागात कारकून होतो. वेंगुर्ल्यापासून सात मैलांवरच्या आमच्या वाडीत मात्र तो विभाग मीच चालवतो असा समज होता, आणि तो खोडून काढावा असं मला कधी वाटलं नाही.

तर असा मी, बासष्ट सालच्या मे महिन्यात, आधी राजीनामा दिला आणि मग काय करायचं ते ठरवायला घरी आलो.

ही गोष्ट घरात एकट्या पद्मावतीला, माझ्या बायकोला, ठाऊक होती. बोटीतून उतरल्यापासून ती मला एकच विचारत होती.

“दादांका कधी सांगतल्यात?”

“योजना मंजूर झाली काय लगेच.”

“आणि नाय झाली तर?”

“तशी वेळ येवचीच नाय.”

योजनेत ‘नाही झाली तर’ असं एक पान असतं. कारखान्यात ते मीच टाइप करायचो. घरच्या योजनेची फुलस्केप अकरा पानं मी बोटीत बसून लिहिली होती, त्यात ते पान नव्हतं.

योजना अशी. आमच्या बागेत रातांब्याची, म्हणजे कोकमाची, पस्तीस झाडं. साल वाळवून त्याची सोलं व्हायची आणि बिया दर वर्षी वेंगुर्ल्याचा बाबलीशेट गाडी पाठवून घेऊन जायचा. त्यातल्या दोन पायल्या तेवढ्या तुळसावहिनी मागे ठेवायची. ती त्या कुटायची, पाण्यात उकळायची, वर आलेला तवंग काढून मुठीत वळायची आणि त्याचे पांढरे गोळे करून फळीवर ठेवायची. हे आमचं भिरंडेल. मला ते सगळ्या बियांचं करून मुंबईत विकायचं होतं. गाडी सोमवारी येणार होती. दादाने, माझ्या थोरल्या भावाने, बिया ठेवल्या तर मी गावात राहणार, आणि त्या गाडीत चढल्या तर त्यांच्यामागोमाग मी बोटीत चढणार, तेही सोडलेली खुर्ची परत द्या म्हणून साहेबाच्या पाया पडायला. शुक्रवार उजाडला होता.

त्या दुपारी मी खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, बैठक बोलावली. खळ्याच्या तीन भागांत विमलावहिनीची सोलं वाळत होती, उरलेल्या एका भागात मी खडूने सोळा आठवड्यांच्या सोळा चौकटी आखल्या. नुकत्याच सारवलेल्या जमिनीवर हे काय चाललंय म्हणून विमलावहिनी, म्हणजे थोरल्या भिकाजीदादाची बायको, कमरेवर हात ठेवून उभी राहिली. नवव्या आठवड्यात कोंबडी बसली.

“पयलो प्रश्न,” मी म्हणालो. “आमची वस्तू काय?”

“भिरंडेल,” दादा म्हणाला.

“ता झाला साहित्य. वस्तू काय?”

दादाने माझ्याकडे असं पाहिलं की मला पुढचं पान लगेच उघडावं लागलं.

“मलम,” मी म्हणालो. “तोंडाक लावचो मलम. जायच्या फुलाचो वास. काचेची डबी. मुंबयच्या बायका असल्या डबयेसाठी कायव मोजतत.”

“आणि तोंडार लावन काय होता?” विमलावहिनीने विचारलं.

“तोंड मऊ होता.”

“तोंड मऊ होवन काय करूचा आसा?”

याचं उत्तर पान पाचवर होतं. ते मी वाचायला घेणार इतक्यात माजघराच्या दाराआडून आवाज आला.

“भावजींनू, ता पायाक लावतत. भेगांक.”

ही तुळसावहिनी. माझ्या मधल्या भावाची, सत्यवानाची बायको. सत्यवान जाऊन बारा वर्षं झाली होती. थोरल्या दिरासमोर यायचं नाही, बोलायचंच तर दाराआडून आणि तेही दुसऱ्या कुणाला उद्देशून, ही आमच्याकडची रीत तिने इतकी पाळली होती की दादाला तिचा चेहरा नीट आठवत असेल की नाही याची मला शंका आहे. चिखलणीपासून कापणीपर्यंत आमची भातशेती तीच बघायची. त्यामुळे टाचेच्या भेगांविषयी या घरात कुणाला काही ठाऊक असेल तर ते तिला, हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. मी नवीन माल विभागातला होतो.

“वयनी,” मी समजुतीच्या सुरात म्हणालो, “मुंबयच्या बायका चपला घालतत. तेंच्या पायांक भेगो पडणत नाय.”

या वाक्यासरशी खांबाला टेकून बसलेल्या पद्मावतीने आपले पाय लुगड्याखाली ओढून घेतले. मी ते पाहिलं नाही. आठ वर्षं चाळीच्या नळावर उभं राहून तिच्या टाचा कशा झाल्या होत्या तेही मी पाहिलं नव्हतं. हे तिने मला नंतर सांगितलं, आणि पुढेही बऱ्याचदा सांगितलं.

विमलावहिनीचं मत मात्र तिथल्या तिथे पालटलं. मलम पायाचा ठरला तर तुळसाला विचारल्याशिवाय पान हलणार नाही, हे तिच्या क्षणात ध्यानात आलं. जाऊ मोठी ती. घरातल्या किल्ल्या तिच्याकडे. “भावजी सांगतत ताच बरा,” ती म्हणाली. “पायाचा कोण विकत घेता? पायाक काय कोण बघता?”

दादाला तर ‘काचेची डबी’ हे शब्दच फार आवडले होते. तो उठला, धोतर झटकलं आणि म्हणाला, “उद्या देवाक सांगूया.”

आमच्याकडे घर बांधा, विहीर खणा, मुलगी द्या, आधी रवळनाथासमोर उभं राहून गाऱ्हाणं घालायचं आणि कौल घ्यायचा. गाऱ्हाणं घालायचा मान आमच्या घराकडे, म्हणजे दादाकडे. शेतात त्याचं बैलही ऐकत नसत. पण देवळात तो नारळ हातात घेऊन उभा राहिला की पंचक्रोशी गप्प व्हायची. असा आवाज पुन्हा आमच्या घराण्यात झाला नाही.

शनिवारी सकाळी सगळं घर आणि अर्धी वाडी देवळात जमली.

“बा देवा म्हाराजा, रवळनाथा!”

“व्हय म्हाराजा!” आम्ही सगळे.

“आज परबांच्या घरातली ही लेकरां तुझ्या पायाकडे इली आसत. तेंनी नवो धंदो मनात हाडलो आसा. भिरंडेलाचो मलम!”

“व्हय म्हाराजा!”

“तोंडाक लावचो मलम, म्हाराजा! जायच्या वासाचो! काचेच्या डबयेत घातलेलो, वर पितळेचा झाकण...”

पितळेचं झाकण माझ्या अकरा पानांत कुठेच नव्हतं. पण दादाला आता रंग चढला होता. मुंबईच्या बायकांनी मलम लावावा आणि त्यांची तोंडं पुनवेच्या चंद्रासारखी दिसावी, त्यांच्या घोवांनी ती बघतच राहावी, विलायतेच्या राणीने माणूस पाठवून डबी मागवून घ्यावी, असं तो देवाला सांगत गेला आणि प्रत्येक गोष्टीला आम्ही व्हय म्हाराजा म्हणत गेलो. गुरवाने मूर्तीवर ओल्या पाकळ्या चिकटवल्या. दोन घटकाही गेल्या नाहीत, उजवी पाकळी पडली. देवाने होकार दिला.

मला कोण आनंद झाला. आमच्या कारखान्यात एवढ्या मंजुरीला तीन महिने लागायचे.

आता राहिली चाचणी. मी तुळसावहिनीकडून सात गोळे घेतले, त्यात जाईची फुलं चुरडली आणि करवंट्यांत भरून आमचं घर धरून वाडीतल्या सात घरी दिले. प्रत्येक घरामागे एक कागद. त्यावर रकाने: बाईचं नाव, लावल्याची वेळ, चेहऱ्यावर परिणाम. “उद्या सांजेपर्यंत लावा, मगे सांगा,” असं सांगून मी घरी येऊन निवांत झोपलो.

मे महिन्यातल्या उन्हात भिरंडेल तोंडाला चोपडून बाई चुलीपुढे बसली तर काय होईल, हा प्रश्न अकरा पानांत नव्हता. रविवारी सकाळी विमलावहिनी भाकऱ्या भाजून उठली तेव्हा तिच्या हनुवटीवरून वितळलेला मलम ठिबकत होता आणि माशा तिची पाठ सोडत नव्हत्या. ज्या बायका बाजाराला गेल्या त्यांच्या तोंडावर रस्त्याची तांबडी धूळ अशी बसली की परत आल्यावर एकीला तिच्याच सासूने ओळखलं नाही. संध्याकाळी सातही घरांतून निरोप एकच आला. तो मी इथे लिहीत नाही.

पण करवंट्या परत आल्या त्या पुसून काढल्यासारख्या रिकाम्या. एवढा मलम गेला कुठे? मी घरोघर विचारत फिरलो. प्रत्येक बाईने आधी हसून घेतलं, मग पाय पुढे केला. तोंड धुतल्यावर उरलेलं सगळं त्यांनी टाचांना लावलं होतं. जाईच्या वासाचं म्हणून जरा जास्तच. तीन बायकांनी आणखी आहे का म्हणून विचारलं आणि एकीने आणखी द्यायचं कबूल करून घेतल्याशिवाय मला दारातून हलू दिलं नाही. माल चालला होता. उत्तम चालला होता. फक्त माझ्या कागदावर पायाचा रकाना नव्हता.

घरी येऊन मी दादाला सगळं सांगितलं. तो खळ्यात सोलं गोळा करत होता.

“दादा, थोडो बदल करूक व्हयो. मलम पायाचोच बरो.”

“नाय.”

“अरे, सगळ्या बायलांनी...”

“देवाक तोंडाचो सांगितलंय. देवान उजवो दिल्यान. आता मी परत जावन काय सांगू? देवा, माझी जीभ घसरली?”

“कारखान्यात आमी धा वेळा बदलतो.”

“तुझ्या कारखान्यात साहेब आसा. हंय देव आसा.” दादाने सूप खाली ठेवलं. “गाव माझ्याकडसून गाऱ्हाणा कित्याक घालून घेता? माझा काय रूप बघून? भिकाजीचो शब्द फिरणा नाय म्हणान. तोंडाचो करूचो तर कर. नायतर उद्या बियो बाबलीशेटीच्या गाडयेत.”

“तोंडाचो होवचो नाय तो!” विमलावहिनी आतून ओरडली. परवापासून ती तोंडाच्या बाजूची होती, आज तीन वेळा तोंड धुऊन ती कुणाच्याच बाजूची नव्हती. “माझ्या तोंडार माश्यो बसल्यो! मलम म्हणे!”

“मगे बियो गाडयेत,” दादा म्हणाला.

तेव्हा माझ्या तोंडून निघून गेलं. “दादा, माका परत जावक जागा नाय. मी नोकरी सोडलंय.”

दादा माझ्याकडे वळला.

“कधी?”

“येवच्या आधी.”

दादा माझ्यापेक्षा सतरा वर्षांनी मोठा. आबा, आमचे वडील, गेले तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो. मला शाळेत घालणं, मुंबईला पाठवणं, माझं लग्न, सगळं त्याने केलं. तो रागावेल असं मी धरून चाललो होतो. तो रागावला नाही. त्याचा आवाज एकदम खाली आला.

“देवाक इचारूक माका पुढे केलंस,” तो म्हणाला, “आणि माका इचारूक तुका पोस्टाचा एक कारड मिळाला नाय?”

मला फार लाज वाटली. आजही हे लिहिताना वाटते.

“दादानू, चूक ह्येंचीच,” पद्मावती पुढे आली. “पण पायाचा खरा आसा. मुंबयच्या बायकांक भेगो पडणत नाय म्हणतत हे. आठ वर्सां माझे पाय काय तेंनी बघल्यानी नाय. मी चपला घालून पाणी भरी नाय!”

दादा उत्तर द्यायला तोंड उघडणार, एवढ्यात माजघराचं दार पुढे लोटलं गेलं आणि तुळसावहिनी बाहेर आली. दाराआड थांबली नाही, खांबाआडही नाही. सरळ खळ्यात, दादाच्या समोर येऊन उभी राहिली. विमलावहिनीने तोंडाला पदर लावला. तुळसावहिनीने मला पुढे सांगितलं, की उंबरठा ओलांडेपर्यंत काय बोलायचं ते तिला माहीतच नव्हतं. पायाचा मलम झाला काय न झाला काय, तिला त्याचं फारसं काही नव्हतं. दादाचा तो खाली गेलेला आवाज तिने याआधी एकदाच, सत्यवान गेला तेव्हा, ऐकला होता आणि तो तिला ऐकवेना.

“दादानू, एक सांगतंय. हे आजारी होते, कणकवलेच्या डॉक्टराकडे ठेयले होते, तेव्हा तुमी गाऱ्हाणा घातल्यात. माझ्या भावाक चालत घराक हाड म्हणान.”

दादाने खाली ठेवलेलं सूप पुन्हा उचललं.

“उजवो कौल पडलो. मी थंयच होतंय.” ती तशीच पुढे सांगत राहिली. “हे चालत इले नाय. चौघांनी हाडल्यानी. आणि म्हयन्याभरान गावची इहीर खणूची होती, तेव्हा तुमी परत त्याच देवासमोर नारळ घेवन उभे रवल्यात. मी घरात बसान रडी होतंय आणि तुमचो आवाज हंयपर्यंत येय होतो. माका तेव्हा राग इलो तुमचो. मगे कळला. देवाचो शब्द फिरलो, तरी तुमी देवाक सोडल्यात नाय. आता तुमचो एक शब्द फिरलो तर देव तुमका सोडतलो?”

एवढं बोलून ती आत गेली. बारा वर्षांचं बोलणं तिने तेवढ्या वाक्यांत संपवलं असं मला वाटलं होतं. तेही चुकलंच, कारण त्या दिवसापासून ती पुन्हा कधी दाराआडून बोलली नाही. दादा सोलांचं सूप तिथेच टाकून बागेकडे निघून गेला. 

सोमवारी सकाळी बाबलीशेटची गाडी दारात लागली. बाबलीशेट स्वतः आला होता, पान जमवत ओटीवर बसला होता. दादा दिसेना. गाडीवाल्याने नेहमीप्रमाणे पोती उचलायला घेतली, कुणी थांबवलं नाही. मी माझी ट्रंक कुठल्या बोटीला न्यावी याचा हिशेब करत उभा होतो. दुसरं पोतं गाडीत पडलं तेव्हा दादा विहिरीवरून ओलेत्याने आला. हातात नारळ होता.

“थांब रे वायच,” तो गाडीवाल्याला म्हणाला. “देवळात जावन येतंव.” आणि आमच्याकडे वळून, “सगळ्यांनी चला. तुळसा, तू पण.”

पंचक्रोशीत बातमी पोचायला काही वेळ लागत नाही. आम्ही देवळात पोचेपर्यंत शनिवारची सगळी मंडळी हजर होती, शिवाय पानाची पिंक सावरत बाबलीशेट. गुरव ओल्या पाकळ्या घेऊन पुढे झाला. दादाने त्याला हाताने अडवलं.

“आज इचारूचा नाय. सांगूचा आसा.”

मग तो देवासमोर उभा राहिला. 

“बा देवा म्हाराजा! शनवारी ह्या भिकाजीन तुका चुकीचा सांगितल्यान.”

 याला व्हय म्हणायचं तरी कुणी? दादाने मान मागे वळवून आमच्याकडे डोळे वटारले.

“व्हय म्हाराजा,” आम्ही पुटपुटलो.

“मलम तोंडाचो नाय. टाचेचो! ज्यो बायलो चिखलात, नळार, चुलीकडे उभ्यो रवतत, तेंच्या भेगांचो!”

“व्हय म्हाराजा!” हे बायकांच्या बाजूने इतक्या जोरात आलं की गुरव दचकला.

“काचेची डबी नाय. पितळेचा झाकण नाय. राणी नाय. तो माझो फुकटचो उत्साव.”

“व्हय म्हाराजा!”

“मलम करणारी माझी भावजय, सत्यवानाची बायल, तुळसा. हो धंदो तिचो. ती सांगात तसा आमी सगळे करतलो. मोठो धाकटो कोण नाय.”

विमलावहिनीने एकदा इकडेतिकडे पाहिलं, आणि मग तीही म्हणाली, व्हय म्हाराजा.  तुळसावहिनी रडत होती, आणि डोळे पुसायचं तिला सुचत नव्हतं.

मला वाटलं, संपलं. दादाने नारळ वाढवायला हात उचललाही होता. पण तो थांबला.

“आणि म्हाराजा, हो माझो धाकटो भाव, गुरुदास. आठ वर्सां मुंबयत काढल्यान. अकरा पानां लिवल्यान. पण तेका काय एक कळणा नाय.”

“व्हय म्हाराजा!” अख्खं घर, अर्धी वाडी, आणि मला स्पष्ट ऐकू आलं, बाबलीशेटसुद्धा. सगळ्यांत मोठा आवाज माझ्या बायकोचा.

“तरी तो आमचो आसा,” दादा म्हणाला. आता तो गाऱ्हाण्याचा आवाज नव्हता, नुसता घरातला होता. “तेका आता खंय धाडू नको. हंयच ठेव.”

“व्हय म्हाराजा.”

दादा नारळ धरून तसाच उभा राहिला. देवाकडे बघत होता, पण वाट माझी बघत होता. पद्मावतीने कोपराने ढोसलं.  मग मी हात जोडले आणि दादाने माझ्याविषयी देवाला जे जे सांगितलं होतं त्या सगळ्याला मिळून, मोठ्याने, एकट्याने म्हणालो, “व्हय म्हाराजा.”